दोन माद्या आणि पाद्रीबुवा

डेल्मर हॉब्जने पहाटे स्वयंपाकघरातला दिवा लावला, तशी आतल्या खोलीतून त्याची बायको विल्डा ओरडली, "आज शेवटचा दिवस ना रे तुझ्या त्या शिकारीचा?"

"हो."

"सुटले बाई," ती म्हणाली आणि कूस बदलून परत घोरायला लागली.

वसंतातली रानटर्की पक्ष्याची शिकार त्या दिवशी दुपारी एकला बंद होणार होती. एक वाजून गेल्यावर पक्षी अंगणात येऊन नाचला तरी त्याच्याकडे नुसतं बघायचं, असा कायदा. डेल्मर दर वसंतात एका नराच्या मागे हात धुऊन लागायचा. काळाभोर पक्षी, छातीवरून खाली लोंबणारी दाढी, आणि चालणं असं की जणू चर्चमध्ये उशिरा आलेल्यांकडे बघत चाललाय. म्हणून त्याचं नाव पाद्रीबुवा. हा पक्षी कैक वर्षं डेल्मरच्या नाकावर टिच्चून जगत होता.

खरं सांगायचं तर पाद्रीबुवा कुणालाच मिळाला नसता, तर डेल्मरला त्याचं फारसं दुःख नव्हतं. तो लॉयलला मिळता कामा नये, एवढंच. लॉयल म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ. ओढ्यापलीकडे राहायचा, त्याच पक्ष्याच्या मागावर असायचा, आणि गेली नऊ वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. पेट्रोल पंपावर समोरासमोर आले तरी दोघेही तेलाच्या भावाचा फलक वाचत उभे राहायचे.

भांडण बापाच्या डबीवरून. म्हातारा आपल्या हाताने सीडरच्या लाकडाची एक डबी करून गेला होता. तिचं झाकण कडेवर घासलं की हुबेहूब टर्कीची मादी बोलायची. लहानपणी या दोघांना रानात नेताना बाप सांगायचा, "चुकामूक झाली तर बोंबलायचं नाही. तीन हळू सादा घालायच्या आणि गप्प बसायचं. भाऊ असेल तिथून येईल." बाप गेला, डबी थोरला म्हणून डेल्मरच्या घरात राहिली, आणि वर्षाच्या आत ती फळीवरून नाहीशी झाली. डेल्मरने मागचापुढचा विचार न करता पंपावरच्या हॉटेलात, चार माणसांदेखत सांगून टाकलं की लॉयलने चोरली. लॉयल कॉफी तशीच ठेवून उठला, तो आजतागायत परत बोलला नव्हता. चोरच होता म्हणून गप्प बसला, असं डेल्मरचं मत.

उजाडायच्या आत डेल्मर कड्यावरच्या ओकच्या झाडाला पाठ टेकून बसला. तोंडावर जाळी, मांडीवर बंदूक, हातात पाटीच्या दगडाची गोल चकती आणि तिच्यावर घासून मादीचा आवाज काढायची काडी. आता या शिकारीची गंमत अशी की रानात नराने ओरडायचं आणि मादीने त्याच्याकडे जायचं, ही मूळची रीत. शिकाऱ्याने ती उलटी करायची. आपण मादी व्हायचं, लाडीगोडी लावायची आणि नराला आपल्याकडे चालत आणायचं. म्हणजे सत्तरीला टेकलेला, गुडघे गेलेला, तंबाखू चघळणारा हा बाप्या तीन आठवडे रोज सकाळी लाजत-मुरकत नवरा शोधत होता. गोचिडांखेरीज कुणी फिरकलं नव्हतं.

त्याने काडी पाटीवर फिरवली. कियॉक, कियॉक.

दरीतून पाद्रीबुवा गडगडला, "गुलगुलगुलगुल!"

डेल्मर सरसावून बसला. तेवढ्यात समोरच्या सीडरच्या झाडोऱ्यातून दुसरी एक मादी बोलली. कियॉक, कियॉक, कियॉक.

"आली का सवत," डेल्मर पुटपुटला.

खरी मादी मध्ये आली की नर तिच्यामागे जातो आणि शिकारी हात चोळत बसतो. त्यावर जुन्या लोकांचा एक उपाय आहे. त्या मादीशी भांडायचं. ती जे बोलेल ते तिच्यावर उलटवायचं, तिचं वाक्य तोडायचं, तिचा इतका पाणउतारा करायचा की ती चिडून भांडायला अंगावर येते आणि नरही मागून येतो. भांडणात डेल्मर कुणाला हार जाणारा नव्हता. त्याने काडी करकचून दाबली. कट्! कट्-कट्-कट्!

झाडोऱ्यातून लगेच उत्तर आलं, दुप्पट जोरात.

"अगं तुझ्या," डेल्मर म्हणाला.

मग जी जुंपली! याने एक शिवी हासडावी, तिने दोन द्याव्यात. याने तिला मध्येच तोडावं, तिने याचं तोंड धरावं. पाद्रीबुवा दरीत उभा राहून दोघींनाही दाद देत होता. डेल्मरने इतकी कजाग मादी उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती. पाय बधीर झाले, मानेवर गोचीड चढली, कॉफीची तहान लागली, पण माघार म्हणून घेईना. मधूनच त्याला त्या मादीबद्दल आदरही वाटायला लागला. हिच्यासारखी बायको असती तर घराचं सोनं झालं असतं, असंही एकदा मनात आलं. मग विल्डा आठवली आणि तो गप्प बसला.

ऊन डोक्यावर यायला लागलं. चढता चढता त्या मादीचा आवाज एकदम चिरकला. तिसरा सूर मध्येच फाटला, खोकल्यासारखा. पुढच्या वेळी परत तिसराच सूर, परत तसाच.

डेल्मरच्या हातातली काडी थांबली. तो खोकला त्याच्या ओळखीचा होता. बापाच्या डबीच्या कडेला एक चीर होती आणि झाकण तिच्यावरून गेलं की तिसरा सूर असाच फाटायचा. समोर मादी नव्हती. लॉयल होता. आणि त्याच्या हातात डबी होती!

"सापडला चोर," डेल्मर दातओठ खात म्हणाला. सकाळपासून आपण सख्ख्या भावाशी बाईच्या आवाजात भांडतोय आणि मघाशी त्याला बायको करायलाही निघालो होतो, हे ध्यानात येऊन त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

नेमका त्याच क्षणी पाद्रीबुवा वर आला. दोघांच्या बरोबर मधोमध. पिसारा फुलवलेला, डोकं लालनिळं, दाढी जमिनीला टेकलेली. डेल्मरने बंदूक खांद्याला लावली. पक्षी नेमात होता. पक्ष्याच्या मागे झाडोरा होता आणि झाडोऱ्यातून दुसऱ्या बंदुकीची नळी सरळ डेल्मरच्या नाकाकडे बघत होती.

डेल्मरने घाम पुसला नाही, कारण हात हलवता येत नव्हता. त्याने गोळी घातली तर पक्ष्यामागे लॉयल. लॉयलने घातली तर पक्ष्यामागे तो. एका शब्दाने काम झालं असतं. "थांब" म्हटलं की झालं. पण आधी कोण बोलणार? नऊ वर्षं जिभेवर दगड ठेवला तो काय आज पहिल्यांदा बोलून हार पत्करायला? लॉयलही तोंड उघडेना. दोघेही हळूहळू बंदुका खाली करून मुक्याने बसले. पाद्रीबुवा दोघांच्या मध्ये फेऱ्या मारत राहिला. इतका वेळ हाका मारणाऱ्या दोन बाया, आणि एकही पदराआडून बाहेर येईना! शेवटी त्याने पिसारा मिटला, झाडोऱ्याला पाठ केली आणि चालता झाला.

तो दिसेनासा झाल्यावर दोघे एकदमच उठले आणि एकदमच ओरडले.

"चोरा!"

"निर्लज्जा!"

"मी निर्लज्ज? बापाची डबी हातात घेऊन मला निर्लज्ज म्हणतोस?"

"चोराच्या उलट्या बोंबा!" लॉयलने तोंडावरची जाळी ओरबाडून काढली. किती म्हातारा झाला होता तो! "चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत ही डबी फुटक्या किटल्यांबरोबर पडली होती. मी विकत घेतली. बापाची डबी, डेल्मर! आणि ती तू विकायला काढलीस!"

"मी? मी कशाला विकीन?"

"विक्रीवर बसलेल्या ऑपल मावशीने सांगितलं की मला. म्हणाली, तुझा भाऊ स्वतः खोकं खांद्यावर घेऊन आला, वर केकही खाऊन गेला. मी तुला विचारायला म्हणून हॉटेलात आलो, तर तू माझ्याच नावाने शंख करत बसलेला."

डेल्मर भांडायला पुढे सरसावला, तोच खोकं त्याला आठवलं. विल्डाने दिलं होतं. झाकून, दोरीने बांधून. 'काही नाही रे, बरण्यांची झाकणं आहेत,' म्हणाली होती. केकही आठवला. नारळाचा होता.

"मग तेव्हाच का नाही बोललास?" तो कसाबसा म्हणाला.

"जो बापाला भंगारात घालतो आणि वर मलाच चोर म्हणतो, त्याच्याशी काय बोलायचं? नऊ वर्षं कपाटात ठेवली होती ही. आज शेवटचा दिवस म्हणून काढली, तर तू तीही सकाळ नासवलीस."

इथे माफीचा एक शब्द बोलायचा होता. डेल्मरला तो माहीत होता, घशापर्यंत आलाही होता. पण आयुष्यात कधी वापरला नसल्यामुळे तो तिथेच अडकला. लॉयलने थोडा वेळ वाट पाहिली, मग डबी खिशात घातली आणि ओढ्याकडे उतरला.

घरी विल्डा मटार सोलत होती.

"ती किरकिरी डबी?" ती म्हणाली. "हो, मीच घातली खोक्यात. वसंत आला की रोज पहाटे इथे बसून कोंबडीसारखा ओरडायचास. मला वाटायचं, घरात दुसरी बाई आणून ठेवलीये."

"अगं, नऊ वर्षं सख्खा भाऊ तुटला माझा! बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस का? तू लॉयल चोर म्हणून गावभर सांगून आलास, आणि मग मला सांगितलंस की डबी गेली. तुला खोटं पाडू का गावात?" तिने शेंग मोडली. "आणि तुझा भाऊ दर रविवारी येऊन माझी आख्खी कोंबडी फस्त करायचा, ते विसरलास."

डेल्मर मागच्या पायरीवर जाऊन बसला. बंदूक पुसायला घेतली होती, ती कठड्याला टेकवून ठेवली. ऊन कलायला लागलं होतं. ओढ्यापलीकडे लॉयलच्या घराचं छप्पर दिसत होतं. तिथवर चालत जायला काहीच लागत नव्हतं, पण गेल्यावर बोलावं लागलं असतं. त्याला बापाचं सांगणं आठवलं. त्याने खिशातून पाटी काढली आणि काडी अगदी हलक्या हाताने फिरवली. तीन सादा. मग गप्प बसला. बरं वाटलं त्याला. परत तीन.

ओढ्याकडून उत्तर आलं.

"गुलगुलगुलगुल!"

कुंपणाच्या फटीतून पाद्रीबुवा थेट अंगणात आला आणि विल्डाच्या कोंबड्यांपुढे पिसारा फुलवून मिरवायला लागला. ज्याला बोलावलं तो आला नाही, आणि ज्याच्यासाठी उभा जन्म घातला तो आला, तेही एक वाजून गेल्यावर. डेल्मरला हसावं की रडावं कळेना.

"पाहतोय मी!" कुंपणापलीकडून आवाज आला. लॉयल कंबरेवर हात ठेवून उभा होता आणि त्याच्याबरोबर शिकार खात्याचा प्रुइट. तो सकाळपासून पुलावर शिकाऱ्यांच्या गाड्या तपासत होता. "ऐकलंत ना? वेळ संपल्यावर सादा घालतोय. बंदूक बघा, पक्षी बघा!"

प्रुइटने बंदूक बघितली, मांडीवरची पाटी बघितली, अंगणातला पक्षी बघितला.

"हॉब्जकाका, कुणाला बोलावत होतात?"

"भावाला," डेल्मर म्हणाला.

"टर्कीच्या आवाजात?"

"आमच्या बापाने शिकवलंय. चुकामूक झाली की तीन सादा घालायच्या. विचारा त्याला."

प्रुइटने लॉयलकडे बघितलं. लॉयलने डेल्मरकडे बघितलं. त्याचा चेहरा एकदम लहानपणीसारखा झाला आणि डेल्मरला वाटलं, आता हा कुंपण ओलांडणार. लॉयलचा हात खिशातल्या डबीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"मला नाही माहीत," तो म्हणाला. "मी कधी ऐकलं नाही असलं काही."

डेल्मरला दंड झाला आणि पुढच्या वर्षाचा परवानाही गेला. प्रुइट जाताना म्हणाला की नोकरीत बऱ्याच थापा ऐकल्या, पण भावाची थाप नवीन आहे.

पुढच्या वसंतात डेल्मर घरीच होता. पहाटे सवयीने जाग यायची, मग कॉफी घेऊन मागच्या पायरीवर बसायचा. पहिल्याच सकाळी कड्यावरून साद आली. तीन, हळू. तिसरा सूर फाटलेला. मग शांतता. थोड्या वेळाने परत तीन. पाद्रीबुवा दरीतून गडगडला, तरी बंदूक काही वाजली नाही. परत तीनच सादा आल्या.

विल्डा दारात येऊन उभी राहिली. आज तिने आवाजाची तक्रार केली नाही.

"पाटी आणून देऊ का?" तिने विचारलं. "दे की त्याला उत्तर."

"बंदी आहे," डेल्मर म्हणाला आणि रिकामा कप तिच्या हातात दिला.