पाचव्या पंचाची जागा

ज्या राज्याला समुद्र नसतो, त्याला समुद्राचा बंदोबस्त अधिक कडक ठेवावा लागतो. समुद्र असलेल्या राज्यांना तो निदान कुठे आहे हे ठाऊक असते.

१९५६ च्या नोव्हेंबरात प्रांतांची फेररचना झाली. नागपूरकडचा मुलूख मुंबई राज्यात गेला आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. दप्तरांच्या वाटणीत एक लोखंडी पेटी चुकून इकडे उतरली. तीत समुद्रावरील आंदोलनांच्या बंदोबस्ताचे नियम होते. (बदल्यात वाघांच्या बंदोबस्ताची पेटी मुंबईला गेली. तिथे त्यानंतर भर बाजारात वाघ दिसल्याची एकही तक्रार नाही, हे मान्य केले पाहिजे.) आता नियम आले म्हणजे कचेरी हवीच. सौंसरच्या एका रिकाम्या गोदामात सागरी शांतता कचेरी उघडली, नव्या राजधानीहून साहेब आले आणि कारकून म्हणून श्रीधरची नेमणूक झाली.

श्रीधर दर महिन्याच्या पाच तारखेला अहवाल धाडी. "सागरी आंदोलने : निरंक. सागर : निरंक." असे दहा महिने चालले. अक्षर इतके वळणदार की वरच्यांनी कधी हरकत घेतली नाही.

पण त्याच्या जिवाला एक घोर होता. कर्मचाऱ्यांची कायमची वाटणी व्हायची होती, आणि ज्या कचेरीत काम दिसणार नाही तिथला माणूस राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, भिंडला जाणार होता. श्रीधरने बायकोला नकाशात भिंड दाखवले. नलिनीचे माहेर लोधीखेड्याचे. तिने बोटाने अंतर मोजले आणि नकाशा घडी करून परत दिला.

"तुमी जा," ती म्हणाली. "मी नाई येत. सरलाबी नाई येत."

सरला त्यांची मुलगी, सहा वर्षांची. तिच्यावाचून भिंडला एकट्याने पोळ्या लाटायच्या, या विचाराने श्रीधरला जेवण जाईना.

अशा वेळी देवकाबाई देवासारखी धावून आली. देवकाबाई सावरगावची कास्तकारीण. पोळ्यासाठी तिने बैल जाम नदीवर धुवायला नेले ते पांढरे होते. परत आले ते जांभळे. नदीच्या वरच्या अंगाला एका शेठजींनी नवा रंगकारखाना काढला होता आणि त्याचे पाणी नदीत येत होते. सोमवारी नदी तांबडी, मंगळवारी निळी, गुरुवारी जांभळी. (रविवारी कारखाना बंद असे. त्या दिवशी नदी पाण्याच्या रंगाची वाहत असल्याने लोक ती प्यायला घाबरत.) अर्ज करून झाले. मग देवकाबाई चार बायांना घेऊन डोंग्यात बसली, नदीच्या मधोमध जाऊन तिने दोराने दगड सोडला आणि कारखान्याचे पाणी थांबेपर्यंत उठणार नाही असे जाहीर केले.

साहेबांनी पेटीतले पुस्तक काढले. समुद्राची व्याख्या पाहिली. "ज्यात नाव तरंगते आणि जिच्यात बसलेल्यांचे मत सरकारशी जुळत नाही, असे पाणी." जाम नदी त्यात चपखल बसली. गुप्त आदेश निघाला :

नाव अपघाताने बुडावी. अपघात गुरुवारी दुपारी चार वाजता व्हावा. (रात्रीच्या अपघातास मंजुरी नाही.) अपघाताचा अहवाल बुधवारी टपालात पडावा. संबंधित कारकुनाने बुडण्याची खात्री जागेवर उपस्थित राहून करावी.

"हे झालं की तुम्ही सौंसरला कायम," साहेब म्हणाले.

श्रीधर कामाला लागला. अंगात शिस्त मुरलेली, त्यामुळे पंचनाम्याशिवाय कुठलेही सरकारी काम करायचे नाही हे त्याला माहीत होते. गुप्त कामाचा पंचनामाही गुप्तच हवा. म्हणून त्याने मसुदा केला : "आम्ही खाली सह्या करणारे पाच पंच समक्ष हजर राहून काहीही पाहिले नाही."

अडचण पाच पंचांची आली. जामच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. वर्षातून एक दिवस, गोटमारीला, हे काठ एकमेकांना दगड मारतात आणि उरलेले दिवस सोयरीक करतात. पंच एका काठाचे जास्त झाले तर गोटमार दुसऱ्यांदा करावी लागली असती. तेव्हा दोन इकडचे, दोन तिकडचे घेतले. पाचवा कोणत्याच काठाचा नसलेला हवा होता. तसा माणूस तालुक्यात सापडेना, म्हणून ती जागा कोरी राहिली.

चारांतला एक चिंधू सुतार. डोंगा त्यानेच बांधलेला आणि गिरमीटही त्याच्याचकडे.

"कशाले पायजे, बाबू?"

"गुप्त हाय."

"मंग भोक कुठं पाडाचं थे मीच खूण करून देतो," चिंधू म्हणाला. "उगाच फळी फाडून ठेवसान."

गुरुवारी दोन्ही काठ फुलले. फुटाण्यांच्या गाड्या लागल्या. गुप्ततेचा भंग होऊ नये म्हणून लोक कुजबुजत बोलत होते. श्रीधर गिरमीट धोतराच्या सोग्यात लपवून उभा राहिला. त्याला पोहता येत नव्हते. शेवटी देवकाबाईनेच डोंगा काठाला आणला.

"ये, बस बाबू. पोहणं येते काय?"

"नाई, मावशी."

"मंग भोक बारकं पाड."

डोंगा पुन्हा मधोमध गेला. श्रीधरला फार लाज वाटत होती. पण भिंड आठवले आणि त्याने गिरमीट फिरवले. ठीक चारला डोंगा बुडाला. म्हणजे हातभर खाली गेला आणि रेतीवर टेकला. बाया कमरेइतक्या पाण्यात होत्या तशाच बसून राहिल्या. आता तर डोंगा हलवणेही कोणाच्या हातात राहिले नाही. श्रीधर मात्र घाबरून उलटला, आणि चिंधूने त्याला बाहेर ओढले तेव्हा तो शेंडीपासून टाचेपर्यंत जांभळा होता.

बुधवारच्या अहवालात नदीचे पाणी स्वच्छ असल्याचे लिहून गेले होते. तेव्हा साहेबांनी विचार करून सेवापुस्तकात दुरुस्ती केली. "वर्ण : जांभळा, जन्मतः." खाली श्रीधरची सही हवी होती. सही केली तर सौंसर, न केली तर भिंड.

श्रीधरने टाक दौतीत बुडवला. मग त्याने सही केली. अक्षर नेहमीसारखे वळणदार आले नाही.

घरी नलिनीने त्याला चार बादल्या पाण्याने घासले. रंग गेला नाही. तिने सेवापुस्तकाची नक्कल वाचली आणि सरलेकडे पाहिले.

"जन्मतः लिवून आले तुमी," ती हळूच म्हणाली. "उद्या तपासणीले कोणी आलं, तं पोरगी गोरी कशी, काय सांगू?"

पुढच्या गुरुवारी सरलेला नदीवर पोहायला पाठवावे, असे एकमताने ठरले. कचेरीने तसे परिपत्रकही तयार ठेवले आहे.

पंचनामा अजून अपुरा आहे. पाचवी जागा कोरी आहे. वाचक महाशय, आपण ना पांढुर्ण्याचे, ना सावरगावचे. (असाल, तरी बोलू नका.) आपण सुरुवातीपासून हजर होता, सगळे पाहिलेत आणि या घटकेपर्यंत एक अक्षर काढलेले नाही. इतका लायक पंच तालुक्यात नव्हता. अंगठा इथे उठवा. शाईची गरज नाही. नदीचे पाणी वाटीत काढून ठेवले आहे.