निरीक्षकांनी स्वतःला उठवलं

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना वजनमापं खात्यातल्या निरीक्षकांनी फ्रेंच शिकायला घेतलं. चारचौघांत ते सांगत, "मेंदूला व्यायाम हवा." खरं कारण पाच वर्षांचं होतं. मुलगी फ्रान्सला राहायची, नात तिकडेच जन्मलेली, फ्रेंचशिवाय बोलायची नाही. दर रविवारी दुपारी बारा वाजता फोनच्या पडद्यावर यायची, मुलगी मधे दुभाषी व्हायची आणि दोन मिनिटांत नात खेळायला पसार. निरीक्षकांना ते फार लागायचं.

शिकवणाऱ्या बाई फोनवरूनच शिकवत. शनिवारी त्यांनी नवीन क्रियापदं काढली.

"या भाषेत माणूस नुसता उठत नाही, स्वतःला उठवतो. ज म लेव्ह. मी, मला, उठवतो. तसंच मी मला धुतो, मी मला कपडे घालतो. मधलं ते 'म' गाळायचं नाही. 'तू' आला की त्याचं 'त' होतं, 'तो' किंवा 'ती' आली की 'स'."

"पाठ कसं करायचं?"

"पाठ करू नका. काम करता करता वाक्य म्हणा."

निरीक्षकांनी लगेच घरात जाहीर केलं, "उद्या माझ्या कुठल्याही कामाला हात लावायचा नाही. मी माझं मी करणार."

"बरं," बायको म्हणाली. (इतक्या पटकन ती कधीच बरं म्हणत नाही, हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं.)

अडचण अशी होती की गेल्या एकतीस वर्षांत त्यांना उठवणारी, पाणी काढून देणारी, कपडे काढून ठेवणारी, चष्मा हातात देणारी बायकोच होती. त्यांच्या अंगावर घडलेल्या बहुतेक क्रियांची कर्ती ती. निरीक्षक नुसते हजर असत.

रविवारी त्यांना जाग आली तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. "ज म लेव्ह," ते अंथरुणातून ओरडले आणि न्हाणीघरात धावले. अंग ओलं झाल्यावर टॉवेल आठवला.

"अगं ऐकलंस का, टॉवेल कुठे असतो?"

"त्याला फ्रेंचमध्ये काय म्हणतात?" स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

शेवटी त्यांनी कालच्या सदऱ्यानं अंग पुसलं. दाढी एका गालाची झाली, दुसऱ्यासाठी वेळ उरला नाही. कपड्यांचं कपाट त्यांनी आजवर बाहेरूनच पाहिलेलं. चष्म्यावाचून हाताला लागला तो शर्ट चढवला आणि धापा टाकत ते फोनसमोर बसले. बायको शेजारी शेंगा सोलत बसली होती. तिनं वर पाहिलं, काहीतरी बोलणार होती, पण शब्द दिलेला म्हणून पुन्हा शेंगा सोलू लागली.

नात आली. निरीक्षकांनी छाती भरून श्वास घेतला आणि कुणाच्या मदतीशिवाय सांगितलं की मी स्वतःला उठवलं, स्वतःला धुतलं, स्वतःला कपडे घातले. सगळे 'म' जागच्या जागी.

नात पळाली नाही. तोंडाचा चंबू करून बघतच राहिली. मग तिनं काहीतरी विचारलं.

"बाबा, ती म्हणतेय, एकट्यानं? आजीनं काहीच केलं नाही?" मुलगी म्हणाली.

"वी," निरीक्षकांनी फ्रेंचमध्येच हो म्हटलं. नातीनं आत जाऊन काहीतरी आणलं आणि ते कॅमेऱ्याशेजारी भिंतीवर चिकटवलं. मुलीला हसू आवरेना.

"तिच्या शाळेत सध्या हेच चाललंय, बाबा. ज्याला आपले कपडे आपण घालता येतात त्याला चांदणी मिळते. तिनं तुम्हाला दिली."

"बघ," निरीक्षक बायकोला म्हणाले.

"अर्धीच दिलीय," मुलगी म्हणाली. "फाडून. बटणं वरखाली लागलीयत म्हणते. उरलेली अर्धी पुढच्या रविवारी, पण तोवर आजीजवळ रोज सराव करायचा."