अण्णा चौगुल्यांची पाल

दूध कट्ट्यावर लोक ग्लास तोंडाला लावतात. आमचे अण्णा चौगुले आधी ग्लासाला यंत्र लावतात.

म्हैस समोर उभी करून, समोरच धार काढून, फेसाळलेलं दूध उभ्याउभ्या पिणं ही कोल्हापूरची जुनी चैन. अण्णा जैन. दिवस मावळायच्या आत खाणंपिणं उरकायचं असल्याने ते कट्ट्यावर सगळ्यांच्या आधी हजर होतात. भरलेला ग्लास फळीवर ठेवतात, खिशातून साबणाच्या वडीएवढं पिवळं यंत्र काढतात आणि ग्लासाजवळ धरून उभे राहतात. यंत्र थांबून थांबून 'चुक... चुक' करतं.

"अण्णा, फेस बसला की," कट्टेवाला म्हणतो.

"बसू दे. फेस मोजायचा न्हाई मला."

"म्हशीला काय ताप आलाय?"

"म्हस बरी हाय. पॉइंट बारा."

हे ऐकून शेजारचा एखादा परगावचा माणूस हातातला ग्लास हळूच खाली ठेवतो. मग कट्टेवाल्याला त्याची समजूत काढावी लागते. "प्या पावणं, भ्यायचं काम न्हाई. आमचे अण्णा हायत ते. धा-बारा वर्सं मोजत्यात, अजून एक बी म्हस पेटल्याली न्हाई."

आदगोंडा चौगुले म्हणजे लक्ष्मीपुरीतले वजनकाटे दुरुस्त करणारे अण्णा. किराणा दुकानाचा तराजू असो की गुळाच्या अडतीतला मोठा काटा, बिघडला की अण्णांकडे यायचा. चाळीस वर्षं त्यांनी काट्याखाली चिकटवलेले चुंबक आणि पारड्याखाली लावलेलं मेण शोधून काढलं. त्यामुळे माणूस बोलतो ते त्यांना अर्धंच पटतं. काटा बोलतो ते पूर्ण पटतं.

जपानात समुद्र खवळला आणि अणुभट्टी फुटली तेव्हा मी शाळेत होते. बाकी कोल्हापूर दोन दिवस टीव्हीपुढे हळहळलं आणि कामाला लागलं. अण्णांनी मात्र एक बातमी धरून ठेवली. तिथल्या साध्या माणसांचा, भाजीवाल्यांचा, शाळेतल्या शिक्षिकांचा सरकारच्या आकड्यांवरचा विश्वास उडाला होता. त्यांनी स्वतः किरणोत्सर्ग मोजायची यंत्रं जुळवली आणि आपापली गल्ली, आपापलं अंगण, वाऱ्याबरोबर येऊन पडलेली धूळ मोजायला घेतली. अण्णा म्हणाले, "ह्यो आपला धंदा हाय." आणि कबनूरच्या यंत्रमागवाल्या भाच्याकरवी त्यांनी परदेशातून ते पिवळं यंत्र मागवलं.

"पण अण्णा, कोल्हापुरात कुठली अणुभट्टी?" असं त्यांना विचारायची सोय नाही. उत्तर ठरलेलं असतं.

"गुळाची ढेप तोलायच्या आधी रिकामं टोपलं तोलतोस का न्हाई? धडा, म्हंजी रिकाम्याचं वजन, आधी करायचा असतोय. उद्या कोकणात भट्टी झाली, परवा फुटली, वारं घाट चढून आलं, तर तू कशावरनं सांगणार किती वाढलं? रिकामं टोपलं कुणी तोललंय?"

म्हणून अण्णा बारा वर्षं कोल्हापूर नावाचं रिकामं टोपलं तोलत आहेत. त्यांच्या मोजायच्या जागा ठरलेल्या. रंकाळ्याची पायरी, भाजी मंडईचा नळ, दूध कट्टा आणि स्वतःची गच्ची. गच्चीवर ते आठवडाभर एक धुतलेलं पांढरं धोतर पसरून ठेवतात. त्यावर आकाशातून जे पडेल ते मोजायचं. दर रविवारी धोतर उचलून त्याची घडी घालतात आणि घडीवर यंत्र ठेवून सामायिकाला बसतात. सामायिक म्हणजे जैनांचं अठ्ठेचाळीस मिनिटांचं स्वस्थ बसणं. "एका मिनिटाचा आकडा उड्या मारतोय," अण्णा सांगतात. "एका सामायिकाची सरासरी गप बसती." धर्म आणि विज्ञान एकाच बैठकीत उरकणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

अण्णांच्या दुकानासमोर शालनकाकूंची चहा-मिसळीची गाडी आहे. कांदा-लसणामुळे अण्णा मिसळीला शिवत नाहीत, चहा मात्र तिथलाच पितात, अर्थात मोजून. त्या यंत्राला 'पाल' हे नाव काकूंनी ठेवलं.

"काय अण्णा, चुकचुकली का न्हाई आज पाल?"

"चहा बरा हाय, शालन. साखर जास्त हाय."

"ते बी पाल सांगती व्हय?"

"ते जीभ सांगती."

पाल खरोखर जोरात चुकचुकली ती एकदाच. गल्लीतल्या मंडपवाल्याच्या दुकानावरून जाताना तिने असा कडकडाट केला की अण्णा जागीच थांबले. दहा मिनिटांत गल्ली रिकामी. मंडपवाला बायको-पोरांना घेऊन थेट पन्हाळ्याला सासुरवाडीला. अण्णा एकटे आत शिरले, एकेक पेटी मोजत गेले आणि शेवटी एक खोकं उचलून बाहेर आले. त्यात जुन्या गॅसबत्त्यांची मेंटल होती, ज्योतीवर बांधायच्या त्या पांढऱ्या जाळीच्या पिशव्या. त्यांत किरणोत्सर्गी थोरियम असतं, हे अण्णांनी वाचलं होतं. मग म्युनिसिपालटीचा माणूस आला, कॉलेजातले एक प्राध्यापक आले, त्यांनी त्यांचं मोठं यंत्र लावलं आणि मान डोलावली. अण्णांचा आकडा बरोबर होता.

त्या दिवसापासून लोक अण्णांवर हसायचे, पण त्यांच्या आकड्यावर नाही. अण्णांकडे घर भाड्याचं, दुकान लहान. त्यांची खरी इस्टेट एकच: आदगोंडा चौगुल्याने सांगितलेलं माप खोटं निघत नाही. आपल्याला वेडा म्हटलेलं त्यांना चालतं. काट्याला खोटा म्हटलेलं चालत नाही.

माझं आणि त्यांचं भांडण याच इस्टेटीवरून.

मी पत्रकं वाचत वाढलेली मुलगी. वडील पत्रकं छापायचे, मी ती वाटायचे, आता मी ती लिहिते. कोकणातल्या अणुभट्टीविरुद्ध लिहायला मला आकडे हवे होते, आणि अण्णांकडे बारा वर्षांच्या वह्या होत्या. मी मोठ्या आशेने गेले. वह्यांत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पॉइंट अकरा, पॉइंट बारा, पॉइंट अकरा.

"अण्णा, हे छापून कोण पेटून उठणार?"

"पेटवायचं काम तुझं. माझं मोजायचं."

"एखादा तरी वाढलेला असेल की."

"हाय की. पॉइंट तेरा. त्या दिवशी पाऊस हुता."

शेवटी मीच हार मानली. लोकांनी आपली हवा आपण मोजावी, एवढंच सांगणारं पत्रक काढलं आणि तालमीच्या सभागृहात दुपारी चारची सभा ठरवली. अण्णा प्रात्यक्षिक दाखवणार, वह्या टेबलावर मांडणार. अण्णा इस्त्रीचं धोतर आणि टोपी घालून आले. बारा वर्षांत त्यांना मापाबद्दल बोलायला कुणी व्यासपीठावर बोलावलं नव्हतं. ते खुर्चीच्या टोकावर बसले होते.

शंभरेक माणसं जमली. अण्णांनी टोपल्याचा धडा समजावला, यंत्र चालू केलं, आकडा मोठ्याने वाचला. पॉइंट अकरा. लोक मन लावून ऐकत होते. तेवढ्यात शालनकाकू चहाची किटली घेऊन आल्या. दोन दिवस त्यांची गाडी बंद होती, पेठ वडगावला बहिणीकडे गेल्याचं सांगत होत्या. पण सभेच्या चहाचा शब्द दिला होता, म्हणून धावत आल्या. त्या अण्णांच्या टेबलाजवळ वाकल्या आणि पालीने किंकाळी फोडली.

चुकचुक नव्हे, सलग कर्रर्र. आकडा एक झाला, तीन झाला, सहा झाला.

 मला सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला आनंद झाला. बारा वर्षं जे मिळालं नव्हतं ते शंभर साक्षीदारांसमोर मिळालं होतं. उद्याच्या पत्रकाचा मथळासुद्धा मी मनात लिहून टाकला.

"चहात काय हाय गं शालन?" मागून कुणीतरी ओरडलं.

काकू घाबरून किटली ठेवून मागे सरल्या. आकडा खाली आला. अण्णांनी किटलीला यंत्र लावलं, पाल गप्प. त्यांनी मान वर करून काकूंकडे पाहिलं. काकूंच्या कोपराच्या खोबणीत कापसाचा बोळा आणि चिकटपट्टी होती. त्यांनी पटकन त्यावर पदर ओढला. अण्णांनी यंत्र बंद केलं.

"बिघडलंय," ते म्हणाले.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"काल हातातनं पडलं हुतं. ह्येचा आकडा कुणी धरू नका."

मागच्या रांगेतला एकजण उठला. "अण्णा, मग बारा वर्सांचं आकडं बी असलंच का?"

अण्णांनी टेबलावरच्या वह्यांकडे बघितलं. 

"असतील," ते म्हणाले.

सभागृह जे हसलं ते चहा संपेपर्यंत हसत होतं. अण्णांनी वह्या पिशवीत भरल्या, एकेक करून, आणि मधल्या वाटेने सगळ्यांसमोरून चालत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन त्यांच्याशी भांडले. यंत्र पडलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. सकाळीच त्यांनी माझ्यासमोर ते तपासलं होतं.

"तुम्ही खोटं बोललात. तुम्ही. आंदोलनाचा गळा कापलात."

"आंदोलनाचा गळा दांडगा असतोय पोरी. चार दिसांनी परत फुटतोय."

"आणि तुमचा शब्द?"

"तो माझा हाय. मी बघीन."

 गल्लीत महिनाभर अण्णांची थट्टा चालली. कट्टेवाला विचारायचा, "अण्णा, आज म्हस किती सांगायची?" मंडपवाला आपली पन्हाळ्याची फेरी फुकट गेल्याचं नव्याने सांगू लागला. अण्णा पूर्वीसारखेच मोजत राहिले, फक्त आकडा मोठ्याने वाचेनासे झाले.

मग एका दुपारी शालनकाकूंनीच मला गाडीमागे बोलावलं.

"वडगाव-बिडगाव काय न्हाई. मिरजेला गेलते, दवाखान्यात. छातीत गाठ हाय माझ्या. हाडांत पसरलीय का बघायला त्यांनी सुईतनं औषध सोडलं, किरणं टाकणारं. एक दिवस अंगात ऱ्हातंय म्हणाले. पाल मलाच बघून वरडली गं." त्या कपबशा विसळत होत्या. "आमच्या पोरीची सुपारी त्या रविवारी फुटायची हुती. शंभर माणसांत कळलं असतं तर पावण्यांनी पाय मागं घेतला असता. आता झालं सगळं. हाडांत बी काय न्हाई. मंगळवारी मंगळवारी सलाईन लावायला जाती. अण्णा येत्यात संगट."

मी सरळ रस्ता ओलांडला. दुकानात शिरताच विचारलं. "अण्णा, तुम्हाला एका नजरेत कसं कळलं?"

अण्णा मागच्या खोलीत गेले आणि एक वही घेऊन आले. ही सभेत आणलेली नव्हती. पानावर वर लिहिलं होतं, 'कुसुम'. त्यांच्या बायकोचं नाव. त्या गेल्या तेव्हा मी कॉलेजात होते.

त्याच तपासणीचा दिवस होता तो. दुपारी तीनपासून तासातासाला आकडे मांडले होते. सात, पाच, चार. शेजारी बारीक अक्षरात नोंदी: 'चहा घेतला.' 'म्हणाली, बत्ती लावू नका, मी हाय की.' 'डोळा लागला.' दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आकडा पॉइंट बारावर आला होता. घराच्या भिंतीइतका.

पण पान उलटलं तर पुढच्या दिवशीही 'कुसुम', पॉइंट बारा. त्याच्या पुढच्या दिवशीही.

"अण्णा, औषध तर उतरलं होतं."

"व्हय. दुसऱ्या दिशीच."

"मग हे?"

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"जल्मभर कामात असायची बाई. बस म्हटलं तर बसायची न्हाई. मोजायचं हाय म्हटलं की बसायची, माझ्याजवळ. मग मी सांगितलंच न्हाई तिला, उतरलंय म्हणून."

मी पानं उलटत राहिले. पाच महिन्यांची होती.