अर्ध्या वडीचे डॉक्टर

डॉक्टर सोनुने अंगाला लावायचा साबण अर्धी वडी घ्यायचे. अख्खी वडी त्यांनी कधी घेतलेली मी पाहिली नाही. भिकाशेठ किराणावाला सुरीने वडी मधोमध कापायचा आणि दर वेळी कुरकुर करायचा, “डॉक्टरसाहेब, उरलेली अर्धी मी कोन्या गिऱ्हाइकाले देऊ? लोक म्हनतीन, शेठनं आंघोळ करून मंग इकायले ठेवली.”

डॉक्टर म्हणायचे, “ठेवा बाजूले. तोवर राह्यलो त मीच नेईन.”

आणि महिन्याभरानं तेच येऊन ती न्यायचे. शेवटी भिकाशेठनं नाद सोडला आणि डॉक्टरांची उरलेली वडी कागदात गुंडाळून वेगळी ठेवायला लागला.

मी तेव्हा देऊळगाव राजाच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो. म्हणजे गाडी उशिरा आली की लोकांच्या शिव्या खायला सरकारनं नेमलेला माणूस. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालेलं होतं आणि लोकांना वाटत होतं की आता तरी गाड्या वेळेवर येतील. स्टँडच्या मागच्या गल्लीत डॉक्टर आणि मी भिंतीला भिंत लागून राहत होतो. माझा स्वभाव मुळात चिडका. त्यात असा शेजारी मिळाला.

कंजूष म्हणावं तर गरिबाकडून हा माणूस पैसे घेत नसे, वर औषधाची बाटलीही आपल्याच घरातली देई. पण टिकेल अशी कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की त्यांच्या अंगावर काटा यायचा. छत्री नाही. नवी चप्पल नाही, जुनीलाच टायरचा तुकडा. त्यांचा थोरला भाऊ गावाबाहेरच्या मळ्यात भाजीपाला करायचा. त्यानं एकदा लिंबाचं कलम आणलं, तर डॉक्टरांनी ते परत पाठवलं आणि परसात मेथी पेरली. “मेथीचं बरं असते,” मला म्हणाले, “महिन्यात हातात येते. लिंबाले कोन थांबते?” मासिकातली क्रमशः गोष्ट ते वाचत नसत. मी वाचायचो, तर संपल्यावर मला शेवट विचारून घ्यायचे.

आपल्या माघारी कोणती वस्तू कोणाची, याचं वाटप मात्र त्यांनी आधीच करून ठेवलं होतं. अडचण एवढीच, की कोणाला काय कबूल केलं ते त्यांच्या लक्षात राहत नसे. त्यांची वेताची आरामखुर्ची त्यांनी हेडमास्तरांना, पोस्टमास्तरांना आणि भिकाशेठला, अशी तिघांना देऊन टाकली होती. त्यामुळे ते तिघं रस्त्यात भेटले की डॉक्टरांच्या तब्येतीची फार आस्थेनं चौकशी करायचे. “आज जरा उतरल्यासारखे दिसता,” असं पोस्टमास्तर म्हणाले, की भिकाशेठ लगेच म्हणायचा, “नाई, ठनठनीत हायेत.” पोस्टमास्तरांची बदली अकोल्याला झाली, ते जाताना खुर्चीकडे बराच वेळ बघत उभे राहिले. मला स्टोव्ह मिळणार होता. खोटं कशाला बोलू, आमची ही दोनदा म्हणाली होती की त्याचा पंप चांगला आहे.

गावात त्यांना रगतवाले डॉक्टर म्हणत. मुंबईला एका मोठ्या दवाखान्यात त्यांनी कित्येक वर्षं कॅन्सरवर संशोधन केलेलं होतं. कॅन्सरची गाठ असते एका जागी, पण तिच्या पेशी सुटून रक्तात वाहायला लागतात, आणि त्या शोधून काढायच्या, हे त्यांचं काम. त्यावर त्यांचे पेपर छापून आले होते, परदेशातही म्हणे लोक ते वाचत. हे सगळं सोडून ते इथं तापाच्या रोग्यांचं रक्त तपासत का बसले, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सूक्ष्मदर्शक एवढी एकच चांगली वस्तू त्यांच्या घरात होती. तिच्यावर नेहमी धुतलेला पंचा घातलेला असे. दर सोमवारी सकाळी ते स्वतःच्या बोटाला सुई टोचून घ्यायचे, थेंब काचेवर पसरायचे आणि बघत बसायचे. मी म्हणायचो, “काय सापडलं?” ते म्हणायचे, “आज नाई.” आणि चेहरा असा करायचे, की सापडलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्या घरी मुलगी झाली, तिच्या बारशाला ते आले. जेवायला बसले. आमची ही वाढता वाढता सहज बोलून गेली, “डॉक्टर, हिच्या लग्नात पहिली पंगत तुमची बरं का.” तोवर गुळाचा शिरा मिटक्या मारत खाणारा माणूस घास हातात घेऊन थांबला. मग ताटाला नमस्कार करून उठला आणि चालता झाला. बारशाच्या घरातून भरल्या ताटावरून पाहुणा उठून जातो म्हणजे काय? माझं डोकं फिरलं. मी तसाच उघड्या अंगानं त्यांच्या मागे गेलो.

“डॉक्टर, माह्या लेकीच्या बारशात काय अवदसा आठवली तुमाले?”

ते पलंगावर बसले होते. मला म्हणाले, “बसा, कंट्रोलर.” पंचा काढला, डबीतून एक जुनी काच काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, आणि मला डोळा लावायला सांगितलं. मला लहान लहान गुलाबी ठिपके दिसले आणि त्यांच्या मधे एक भलीमोठी जांभळी पेशी. आत काळपट गाठोडं, वेडंवाकडं.

“दिसली? ते माही हाय.”

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. मुंबईला असताना आपली पद्धत किती पक्की आहे हे पाहायला त्यांनी एकदा स्वतःच्या रक्ताची एक नळी भरून, नाव न घालता, रोग्यांच्या नळ्यांत मिसळून ठेवली. त्या नळीत काही सापडायला नको होतं. सापडली ही पेशी. आणि अशी पेशी रक्तात दिसली की त्या माणसाच्या अंगात कुठंतरी कॅन्सर आहेच, तो फार दिवसांचा सोबती नाही, हे डॉक्टरांनी स्वतःच लिहून छापलेलं होतं.

“फोटो काढले, पोट तपासून घेतलं. गाठ सापडली नाई. पन सापडली नाई म्हनजे नाई, असं थोडंच असते?”

“कोनाले सांगितलं नाई?”

“नाई. त्याच महिन्यात लग्न होतं माहं. संगंच काम करत होती, कुमुद तिचं नाव. वर्षभरात जिले विधवा करायची, तिले कुंकू कायले लावायचं? जमत नाई म्हनून कळवलं अन् गावाकडं आलो. मराले.”

ते गावात आले त्याचा मी बोटावर हिशोब केला, आठ वर्षं भरली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “मंग डॉक्टर, तुमी अजून मेले काऊन नाई?”

एवढे रागावलेले ते मी कधी पाहिले नव्हते. “मी जित्ता हावो म्हनून माहा पेपर खोटा ठरते का बे? एका मानसावरून काई सिद्ध होत नसते! कोनाचं काम हळू चालते, कोनाचं जलद.” मग आवाज खाली आला. “सहा महिने धरून चाललो होतो. मंग साल धरलं. आता काई धरत नाई.”

त्या दिवसापासून मला त्यांची अर्धी वडी पाहून हसू येईना. हा माणूस खरंच जाणार, की ठणठणीत असून असाच रोज मरणार, हा घोर माझ्याही जिवाला लागला. मी आमच्या हिला स्टोव्हचं नाव काढू दिलं नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, उन्हाळ्यात, जालन्याच्या गाडीतून एक बाई उतरल्या. केस पिकायला लागलेले, जाड चष्मा, हातात कापडी पिशवी. नीट पुणेरी बोलत होत्या. “डॉक्टर सोनुने इथंच राहतात ना? मी त्यांच्याबरोबर मुंबईला काम करत असे. कुमुद माझं नाव.”

गाड्यांच्या वेळा लिहायची पेन्सिल मी कानावर खोचली. मी गाड्या सहायकाच्या हवाली केल्या आणि त्यांना घेऊन गेलो.

डॉक्टरांनी दार उघडून पाहिलं. मग आत गेले, अंगात सदरा घालून बाहेर आले. बाई वेताच्या खुर्चीत बसल्या. आमच्या हिनं चहा आणला. थोडा वेळ मुलांच्या शिक्षणाचं बोलणं झालं, म्हणजे बाईंच्या मुलांच्या. त्यांचे यजमान रेल्वेत होते. मी उठायला लागलो तर डॉक्टरांनी माझा हात धरून खाली बसवलं.

बाई म्हणाल्या, “औरंगाबादला कामासाठी आले होते. म्हटलं, तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगावं. आपलं काम चुकलं, डॉक्टर. आपण ज्यांना कॅन्सरच्या पेशी समजत होतो ना, त्यातल्या बहुतेक कॅन्सरच्या नव्हेतच. हाडांच्या मगजात मोठ्या पेशी असतात, त्या अधूनमधून रक्तात येतात. परदेशात लोकांनी पुन्हा तपासून पाहिलं. आपल्या काचा मीही काढून पाहिल्या. त्याच आहेत.”

“निरोगी माणसात?” डॉक्टरांनी विचारलं.

“कोणातही. तुमच्यात, माझ्यात. त्यांचं काही म्हणजे काही नसतं.” बाईंचे डोळे भरून आले. “तुमची सगळी उमेदीची वर्षं त्यात गेली. मला फार वाईट वाटतं. त्या वेळी कोणी एखाद्या धडधाकट माणसाच्या रक्ताची नळी आपल्या नळ्यांत गुपचूप मिसळून ठेवली असती ना, तर आपल्याला तेव्हाच कळलं असतं.”

मी डॉक्टरांकडे पाहिलं नाही. मला धीर झाला नाही. ते म्हणाले, “हो. कळलं असतं,” आणि बाईंना म्हणाले, चहा गार होतोय.

जालन्याची परतीची गाडी लागली होती. आम्ही तिघं स्टँडकडे निघालो. मी पिशवी घेऊन दोन पावलं मागे. मनात म्हणत होतो, आता सांग बाबा, आता तरी सांग. तेवढ्यात बाईच थांबल्या.

“एक विचारू? त्या वेळी तुम्ही एकाएकी निघून का आलात? मला इतकी वर्षं वाटत राहिलं, की काहीतरी मोठं कारण असणार.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “मोठं नव्हतं. घरच्यांनी इथली एक मुलगी पाहिली होती. तिच्या वडिलांचं ओलिताचं शेत होतं, विहिरीसकट. मला मोह पडला. पुढे तेही फिसकटलं.”

“शेतासाठी?”

“हो.”

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. आधी चेहरा लाल झाला, मग हळूहळू सैल पडला. अगदी मोकळ्या आवाजात त्या म्हणाल्या, “मग माझं बरंच झालं म्हणायचं.” डॉक्टर म्हणाले, “बरंच झालं.” मी बाईंना खिडकीची जागा धरून दिली. गाडी निघाली तेव्हा त्या कंडक्टरकडून तिकीट घेत होत्या, त्यांनी बाहेर पाहिलं नाही.

धुरळा खाली बसेपर्यंतही मला दम निघाला नाही. “काऊन खोटं बोलले तुमी? तिच्या नजरेतून पार उतरले ना! शेतासाठी पोरगी सोडनारा मानूस म्हनून गेली ते!”

डॉक्टर बाकावर बसले. त्यांचे हात मांडीवर नुसते पडले होते. आपण मरणार नाही हे ऐकून कोणी इतकं थकलेलं मी पाहिलं नाही.

“त्या नळ्या मी तिलेच तपासाले देल्या होत्या, कंट्रोलर,” ते म्हणाले. “कोनती कोनाची, तिले मालूम नव्हतं. काच तिनंच रंगवली, पेशी तिनंच पाह्यली. मले हाक मारून दाखवली. म्हने, बिचारा कोन हाये कोन जाने, पन हा काई वाचत नाई. डोळ्यात पानी होतं तिच्या.”

मी त्यांच्या शेजारी बसून राहिलो. चिखलीची गाडी आली आणि निघूनही गेली. तिची वेळ लिहायची राहून गेली.