भैरवीआधी उठणाऱ्या इंदूमावशी

गेल्या दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या पहाटे साडेपाच वाजता, कर्जतमध्ये इंदूमावशींवर अन्याय झाला. गायिकेच्या मागे जिथे त्या तानपुरा घेऊन बसतात, तिथे एक मोबाईल ठेवला होता. त्यातून तानपुरा वाजत होता. मोबाईलखाली मखमली आसन, वर झेंडूचं फूल. मावशींना समोर प्लास्टिकची खुर्ची.

मी पत्रकं लिहिते. रस्ता, पाणी, दवाखाना यांवर लिहून हात चांगला बसला आहे. तानपुऱ्यासाठी लिहायची वेळ येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

इंदूमावशी दहिवलीतल्या आमच्या शेजारीण. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, आता तानपुरा सांभाळतात. रिक्षात मागची अख्खी सीट तानपुऱ्याची. मावशी ड्रायव्हरशेजारी अर्ध्या जागेवर. तो कुरकुरला की म्हणतात, "मला धक्के बसलेले चालतात. त्याला नाही."

गावाचं वर्षभराचं गाणं ठरलेलं आहे. गुढीपाडव्याची पहाट, गुरुपौर्णिमेची संध्याकाळ, गणपतीतला मंडप, मग दिवाळीची पहाट. सगळीकडे मागे मावशीच, डोळे मिटून. नवख्याला वाटतं, झोपल्या. गणपतीत एका काकांनी खरंच खांदा हलवला, तेव्हा डोळे न उघडता म्हणाल्या, "बोटं झोपलीत का बघा आधी."

खोड एकच. मैफल भैरवीने संपते, आणि मावशी भैरवीला थांबत नाहीत. गायकाने शेवटचं पाणी प्यायला भांडं उचललं की उठतात, हाताशी येईल त्याच्याकडे तानपुरा देतात, आणि "माझं झालं, तुमचं चालू द्या" म्हणत निघतात. मागच्या पाडव्याला तानपुरा प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर आला. शेलूचे बिल्डर. त्यांनी अख्खी भैरवी तो तान्ह्या बाळासारखा धरून ठेवला. हलायचीही भीती.

यावरूनच मोबाईल आला. कार्यक्रम बसवणाऱ्या भाऊंना मी जाब विचारला. भाऊंची भाताची गिरणी आहे, आवाज गिरणीवरून जाणारा.

"बाय, तानपुरा मदीच उठून चालला, असं कुटं बघितलंस? मोबाईल उठत तरी नाय."

"म्हणजे माणूस काढून टाकायचा?"

"मी नाय काढला. ती आपली आपण निघते."

मी घरी येऊन पत्रक लिहिलं: 'तानपुरा गप्प का केला?' ते मावशींना दाखवायला नेलं. त्यांनी पेपर तपासावा तसं वाचलं.

"निषेध तीनदा आलाय. एक पुरे."

"मावशी, भैरवीला का उठता?"

"गुडघे गं."

"दोन तास गुडघे काही बोलत नाहीत."

"सकाळी दूध येतं."

"गुरुपौर्णिमेचं गाणं संध्याकाळी होतं."

त्या चहाला उठल्या. फळीवरून मोठं पातेलं काढलं, हळदीकुंकवाला काढतात तेवढं. नळाखाली अर्धं भरलं, थांबल्या, आणि दोन कप उरेपर्यंत पाणी ओतून दिलं.

पाठमोऱ्याच बोलल्या, "हे होते तेव्हा भैरवी झाली की सगळे इकडे यायचे. गाणारे, वाजवणारे, ऐकणारे. दारात चपलांचा ढीग. आलं ठेचून हात भरून यायचा. आता भैरवी झाली की जो तो आपापल्या चपला शोधतो. मधेच उठून आलं की कसं, कुलूप काढताना वाटतं, तिकडे अजून चालूच आहे."

पत्रक मी घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि गिरणीवर गेले. भाऊंनी ऐकलं. गिरणी बंद करून पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"तो चा मी बी प्यालोय," ते म्हणाले. "येवढंच व्हतं, तर बोलली का नाय?"

"तुम्ही विचारलंत?"

भाऊंनी अंगावरचा कोंडा झटकला. "पाडव्याला बसव तिला. पण भैरवी वाजवायला सांग. चा प्यायला मी हाय."

मी निरोप दिला. मावशी म्हणाल्या, "बघू." मी दारात चपला घालत होते, तेव्हा आतून विचारलं, "किती जण येतील गं? आलं आणून ठेवते."

पाडवा तेव्हा चार-पाच महिने लांब होता. आल्याचं सुकून लाकूड झालं असतं.

आता पाडवा आठवड्यावर आला आहे, म्हणून हे लिहिते. कर्जत-खोपोलीकरांनो, पहाटे या. भैरवी संपेपर्यंत जागचे हलू नका. संपल्यावर गाडीला किल्ली लावू नका. चपला पायात घाला, सरळ दहिवलीत चालत या, आणि मावशींच्या दारात काढा.