चिंतामणरावांचं नाक

चिंतामणरावांनी ठरवलं, आता आपण बर्बन या अमेरिकन व्हिस्कीचे जाणकार व्हायचं. जन्मात व्हिस्की त्यांनी दोनदाच घेतली होती (त्यातली एकदा तर होळीच्या थंडाईत कुणीतरी गुपचूप ओतलेली). पण इलाज नव्हता. इंदूरजवळ महूला मेजर नानासाहेब पवारांचं रविवारचं मंडळ होतं. पाच जण दुपारी जमायचे, घोटभर चाखायचे आणि वास कशाचा यावर तासभर भांडायचे. त्यांतले एक जण मुलाकडे पुण्याला गेले आणि खुर्ची रिकामी झाली. एकतीस वर्षं ऑफिसात फाइली सरकवणाऱ्या चिंतामणरावांना सत्यनारायणाखेरीज कुणी कुठं बोलावलेलं नव्हतं. ती खुर्ची त्यांना हवी होती. बस्स!

"रविवारी चारला बाटली घेऊन तुमच्याकडे येतो," मेजर म्हणाले. "वास ओळखा, खुर्ची तुमची."

झालं! मोबाइलवर व्हिडिओ लावून पाठांतर सुरू. मंडळाची नेहमीची बर्बन मक्याचीच, पण हिच्यात राय नावाचं विलायती धान्य जरा जास्त. म्हणून अंगानं हलकी आणि जिभेला झणझणीत. लवंग, दालचिनी, व्हॅनिला, जळकं लाकूड... त्यांच्या बायकोनं, रमाबाईंनी, मेथी निवडता निवडता सगळं ऐकलं.

"अहो, पाठ करून काय फायदा? नाकाला कळायला नको?"

मुद्दा बरोबर होता. (लग्नापासून बाईंचा एकही मुद्दा चुकलेला नाही, हेच तर त्या घरातलं दुखणं.) म्हणून रविवारी दुपारी, रमाबाई बड़ा गणपतीच्या देवळात गेल्याबरोबर, साहेबांनी डोळ्यांना पंचा बांधला आणि मसाल्याच्या बरण्यांसमोर नाकाची तालीम मांडली. झाकण काढायचं, हुंगायचं, नाव सांगायचं. लवंग बरोबर आली. दालचिनीही आली. मग काय, माणूस चढला! तिसऱ्या बरणीत त्यांनी नाक पार आत घातलं आणि बेंबीपासून श्वास ओढला.

बरणी जीरावनची होती. परवाच कांडलेलं, ताजं, मिरचीदार. इंदूरचा माणूस पोह्यांवर, पेरूवर, काकडीवर, कशावरही जीरावन भुरभुरवतो, पण थेट नाकात भरायची अक्कल आजवर कुणाला सुचली नव्हती.

सतराव्या शिंकेला भिंतीपलीकडून द्वारकाबाईंनी ओरडून विचारलं, "भैयाजी, सब ठीक है ना?" रमाबाई परतल्या तेव्हा नवरा ओट्याला टेकून बसला होता.

"रबे, बाझं दाक गेलं!"

"कुठं जाणार? आहे तिथंच आहे. टमाटरासारखं दिसून राहिलंय."

"अगं, वासच येत दाही! आदि बेजर येतायत!"

मेजर चारच्या ठोक्याला आले. टेबलावर बाटली ठेवली, दोन ग्लास ठेवले. चिंतामणरावांना दम कुठला! त्यांनी ग्लास उचलला, व्हिडिओतल्या साहेबासारखे डोळे मिटले आणि हुंगून म्हणाले, "वा! व्हॅदिला. दालचिदी. बागूद जळकं लाकूड."

"किती जळकं?"

"पूर्द! अगदी राख!"

मेजरांनी बंद बाटलीकडे बोट दाखवलं. "चिंतामणराव, मी अजून ओतलेली नाही."

चिंतामणरावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. रिकामा ग्लास त्यांना खाली ठेवतासुद्धा येईना. मेजरांनी बूच काढलं. तेवढ्यात शेवेची बशी घेऊन आलेल्या रमाबाई दारातच थबकल्या.

"अगबाई! लवंग का ही? नाही, आधी शिकरणीचं केळं. मग लवंग. आणि... पुदिना? हो, वाळलेला पुदिना. मागून शेकलेला भुट्टा."

मेजर ताडकन उभे राहिले. "वहिनी, तो पुदिना सापडायला आम्हाला दोन वर्षं लागली!"

"त्यात काय एवढं? जीरावनात चिमूटभर सुंठ कमी पडली तरी मला दारातून कळतं."

"एक घोट घ्याच तुम्ही."

रमाबाईंनी आधी देवघराचा पडदा ओढला. मग घोट घेतला, डोळे बारीक केले. "हलकी आहे हो. पण गिळल्यावर मिरी चावल्यासारखी. ते तुमचं राय का काय, सढळ हातानं पडलंय."

मेजरांनी खाडकन सॅल्यूट ठोकला. "खुर्ची तुमची, वहिनी!"

"आदि बी?" चिंतामणरावांनी विचारलं. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते सगळंच जीरावनचं नव्हतं.

मेजरांनाही वाईट वाटलं. "तुमच्याशिवाय कसं चालेल, भिया? परतताना गाडी चालवायला न पिणारा माणूस नको?"

तेव्हापासून दर रविवारी चिंतामणराव महूला जातात. आत रमाबाई चाखतात, चार म्हातारे वहीत उतरवून घेतात, आणि हे बाहेर गाडीत बसतात. परवा बसून बसून फारच कंटाळले, म्हणून डॉक्टरांची मनाई मोडून कोपऱ्यावरून गपचूप कचोरी खाऊन आले. तोंड धुतलं, बडीशेप चघळली, रुमाल फेकून दिला.

रमाबाई गाडीत बसल्या, दार लावलं आणि एकदाच श्वास घेतला.

"दोन खाल्ल्या," त्या म्हणाल्या. "दुसरी गार होती."