बॅटची कड आणि बुधाजींचे कान

अकरावा भिडू आला नाही, म्हणून मी नुसतं उभं राहायचं कबूल केलं. (माझं वजन शहाण्णव किलो. नुसता उभा राहिलो तरी तिन्ही स्टंप झाकले जातात, असा आमचा कॅप्टन धनेशचा हिशोब.)

करी रोडला आमच्या टॉवरची मॅच मागच्या चाळीबरोबर होती. अंपायर माझी बायको मेघना. दोन्ही टीम घाबरतील असं दुसरं कोणी सापडलं नाही.

शेवटची जोडी, जिंकायला तीन रन आणि बॅट माझ्या हातात! बॉलर होता चाळीतला सम्यक, कीपर त्याचे आजोबा बुधाजी. वय एकाहत्तर. एके काळी गिरणीच्या टीमचे कीपर, आता कानात ऐकायचं मशीन.

मी डोळे मिटून बॅट फिरवली. बॉल बॅटच्या कडेला हळूच चाटून बुधाजींच्या ग्लोव्हजमध्ये गेला.

"हाऊज दॅट!" एकटे बुधाजीच ओरडले.

"नॉट आऊट," मेघना म्हणाली. "मला काहीच ऐकू आलं नाही."

"मला आलं ना!"

सगळं मैदान हसलं. "आजोबा, तुमचं मशीनच वाजलं असेल," सम्यकही हसला.

बुधाजींनी मशीन काढलं आणि उगाच शर्टाला पुसत राहिले.

गप्प बसायचं मी अगदी ठरवलं होतं. (टीमला माझी गरज पडायची ही पहिलीच वेळ.) पण तोंडातून निघून गेलं, "आऊट आहे मी. लागला बॅटला."

"अरे ए हित्या!" धनेश किंचाळला.

बुधाजींना पत्ताच नाही. मी त्यांच्या हातातलं मशीन त्यांच्या कानात घातलं आणि पुन्हा ओरडलो, "काका, लागला होता! बरोबर ऐकलंत तुम्ही!" (गुन्हा एकदा कबूल करताना घाम फुटतो, मी दोनदा केला.)

"मग?" म्हणत त्यांनी नातवाकडे असं पाहिलं, की सम्यकने धावत येऊन त्यांना उचललंच.

आम्ही हरलो. धनेशने माझ्याकडे पाहिलंही नाही. घरी जाताना मात्र माझं किट मेघनाने स्वतः उचललं. लिफ्टमध्ये हळूच म्हणाली, "आज फार अभिमान वाटला हो तुमचा."

मी पोट आत घेऊन ताठ उभा राहिलो.

"आता खरं बोलायला लागलाच आहात, तर सांगा. फ्रीजमधला खरवस कोणी संपवला?"

"मांजर आलं असेल," मी म्हणालो.

आम्ही सतराव्या मजल्यावर राहतो.